हातगुण

माझ्या कादंबरीला आजवर एकच वाचक मिळाली, आणि तिला देवनागरी वाचता येत नाही.

ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. वीस वर्षांची, बंगळुरात वाढलेली. घरात मराठी कानावर पडत आली म्हणून समजतं सगळं, पण बोलायला लागली की दुसऱ्या वाक्याला तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत शिरते. मला ती 'अत्तै' म्हणते, आमच्या गल्लीतले तमिळ शेजारी आपल्या आत्याला म्हणतात तसं. गेल्या मे महिन्यात ती तीन आठवडे तंजावरला माझ्याकडे राहायला आली. मी राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवते. आई जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून शाळेच्या वह्या तपासून झाल्या की मी लिहीत बसते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असून उपयोगही नव्हता. गल्लीत मराठी बोलणारी थोडीच घरं उरली आहेत. त्यांत देवनागरी वाचणारे दोघं, आणि त्यांतल्या एकांना आता दिसत नाही.

कपाटात चादर शोधताना मुलीला माझ्या वह्या सापडल्या. अकरा वह्या, दोऱ्याने बांधलेल्या.

"अत्तै, हे काय? शाळेचं?"

"नाही. गोष्ट आहे."

"कसली?"

सांगायला मला लाज वाटली. "जादूची," मी म्हटलं.

तसली इंग्रजी पुस्तकं तिने ढिगाने वाचली होती. ती कपाटासमोर जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "वाच."

मग रोजचंच झालं. दुपारचं जेवण आटोपलं की खिडकीचे पडदे ओढून, पंख्याखाली चटई टाकून मी वाचायची आणि ती पालथी पडून ऐकायची. चार वाजता कॉफीला थांबायचं. इतकी वर्षं जे शब्द मी फक्त डोळ्यांनी पाहिले होते ते तोंडातून बाहेर पडताना मला परके वाटत. माझी मराठी निम्मी घरची आणि निम्मी पुस्तकातली. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, रविवारी पाटीवर अक्षरं शिकवली, पुढे हाताला येईल ते वाचत गेले. 'अंधुक' म्हणजे काय, 'ओंजळ' म्हणजे काय, असं मुलगी मध्येच विचारायची आणि मी तमिळमध्ये सांगायची.

कादंबरीत एक राज्य आहे. नदीच्या मुखाजवळचं, सपाट, कालव्यांचं. तिथे काही मुलं अशी जन्मतात की त्यांनी हाक मारली की पाणी येतं. वाळूतून येतं, कोरड्या पात्रातून येतं. त्यांना मी पाणहाके असं नाव दिलं. राज्याचे लोक त्यांना सातव्या वर्षी घरातून घेऊन येतात आणि एका मोठ्या आवारात ठेवतात. मरेपर्यंत ती तिथेच राहतात आणि राज्यासाठी पाणी बोलावतात. त्या आवाराला सगळे 'माहेर' म्हणतात.

हे सुचलं ते आमच्या नव्या कालव्यावरून. वर धरण उघडलं की काही दिवसांनी पाणी तंजावरात पोचतं. लहानपणी आम्ही ते बघायला पुलावर जात असू. पाण्याच्या आधी वाळकी पानं, काटक्या, कुणाची तरी एक चप्पल असं पुढे ढकलत ते येतं, आणि माणसं काही न बोलता कठड्याला टेकून उभी राहतात. कुणीतरी बोलावलं म्हणूनच ते येत असणार असं मला वाटे.

तिसऱ्या दिवशी मुलगी उठून बसली.

"अत्तै, थांब. या माहेराला कुलूप नाही म्हणालीस."

"नाही."

"पहारा?"

"दाराशी एक म्हातारा आहे. तो बहुतेक झोपलेला असतो."

"आणि यांच्याकडे जादू आहे. मग हे जात का नाहीत?"

"नाही जात."

"पण का? हे कन्विन्सिंग नाही वाटत. मी पहिल्याच दिवशी गेले असते."

मी कॉफी करायला उठले. पुढचे दोन दिवस मी माहेराभोवती भिंत बांधली, तिच्यावर काचा लावल्या, भालेवाले उभे केले, पाणहाक्यांच्या पायांत बेड्या घातल्या. तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आता हे सगळ्या पुस्तकांत असतं तसं झालं. तुझं उघडं दारच बरं होतं. फक्त ते का जात नाहीत ते सांग."

उत्तर मला माहीत होतं. ते लिहायला बसायचं नव्हतं.

मी सात वर्षांची होते. आईला दमा होता. तो यायचा तेव्हा ती पाटावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायची आणि मान पुढे काढायची. पाणी आटलेल्या पंपासारखा आवाज यायचा. त्या दिवशी अप्पा रिक्षा आणायला गेले होते, आत्या स्वयंपाकघरात पाणी तापवत होती, आणि मी एकटीच आईजवळ होते. काय करावं कळेना म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवून नुसती उभी राहिले. थोड्या वेळाने आवाज उतरला. आईचे खांदे खाली आले. आत्या पातेलं घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "पोरीच्या हातास गुण आहे."

आमच्या घरची बोली जुनी. पुस्तकात 'तुला-मला' असतं तिथे घरातली वडीलधारी माणसं 'तुजला-मजला' म्हणायची. आत्याचं ते वाक्य मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. ती अप्पांची थोरली बहीण. आजोबांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांच्यासाठी घरी राहिली आणि तशीच राहून गेली. तिने लग्न का केलं नाही हे घरात कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

अप्पा रिक्षा घेऊन आले तेव्हा आई बसून पाणी पीत होती. आत्याने काय झालं ते सांगितलं. अप्पांनी माझा उजवा तळवा उघडून पाहिला, जसं काही त्यावर लिहिलेलं असावं. मग तो मिटून माझा मलाच परत दिला.

त्यानंतर दमा आला की मला बोलावू लागले. कधी उतरायचा, कधी उतरायचा नाही. उतरला तर हात लाभला. नाही उतरला तर मी उशिरा आले होते, किंवा माझं लक्ष नव्हतं, किंवा मी सकाळी कुणाशी भांडले होते. हे मला कुणी रागावून सांगितलं नाही. आत्या मायेने विचारायची, "आज तुजला काय झालं होतं?" आणि मी मनात शोधू लागायची. शोधलं की काहीतरी सापडतंच.

गल्लीत बातमी पसरली. तमिळमध्ये याला कैरासी म्हणतात. समोरच्या शिंपीणबाई दिवसाचं पहिलं कापड कापण्याआधी मला कात्री हातात धरायला देत. अप्पांच्या ऑफिसातल्या एकांचं कालव्याकाठच्या गावात शेत होतं. त्यांनी पेरणीला मला मुद्दाम बसने नेलं, आणि भाताची पहिली मूठ मी टाकली. सगळे बांधावर उभे राहून माझ्याकडे बघत होते. परत येताना मला नारळ दिले, रिबिनी दिल्या. मला फार आवडलं, हे मी लपवत नाही. दर शुक्रवारी आत्या माझ्या तळव्यांना तिळाचं तेल चोळायची. मिरच्या वाटायला मला लावत नसत, भांडी घासायला लावत नसत. ती कामं माझ्या भावावर पडत. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. विहिरीचं पाणी ओढता ओढता तो माझ्याकडे बघायचा, आणि मी पायरीवर हात मांडीत ठेवून बसलेली असायची. खेळायला मुली बोलवत नसत. हाताला काही झालं तर त्यांच्यावर येईल, असं त्यांच्या आयांनी सांगितलं होतं.

अकराव्या वर्षी शाळेची सहल मदुरैला गेली. दोन दिवसांची. मी हट्टाने गेले. परत आले तेव्हा घराला कुलूप होतं. आईला दवाखान्यात नेलं होतं. मी दप्तरासकट तिथे गेले. मला वाटलं आता बोलणी बसतील. कुणीही बोललं नाही. आत्याने माझ्या सुटलेल्या वेण्या पुन्हा घातल्या आणि विचारलं, "देऊळ पाहिलंस का? बरं केलंस." अप्पा म्हणाले, "आलीस ना आता, पुरे." आईच्या नाकाला नळी होती. मी हात ठेवला तशी तिने डोळे उघडले आणि ती हसली.

पुढच्या वर्षी सहलीचा कागद मी घरी दाखवलाच नाही. चुलीत घातला आणि मग आईला सांगितलं की असा असा कागद आला होता, मी जाळला. तिने मला जवळ ओढलं. आत्याला म्हणाली, "पाहिलंत, केवढी समजूत आहे." त्या एका वाक्यावर मी पुष्कळ वर्षं काढली.

मुलीच्या प्रश्नानंतर पाचव्या दिवशी मी हे सगळं कादंबरीत घातलं. वेगळ्या कपड्यांत घातलं. माहेरातल्या मुलांना कुणी कैदी म्हणत नाही. त्यांना उत्तम जेवण मिळतं, आणि आवारातले नोकर त्यांच्याकडे जरा भीतीने, जरा हेव्याने बघतात. आठव्या वर्षी प्रत्येक मुलाला दोन दिवस घरी पाठवतात. जा, आईला भेटून ये. मूल परत येतं तेव्हा वाटेतलं एक शेत करपलेलं असतं. कुणी रागावत नाही. त्या शेतातला शेतकरी मुलाला ताक देतो. मुलांना शिकवायला बाहेरचा गुरू ठेवलेलाच नाही. म्हातारे झालेले पाणहाकेच शिकवतात, आणि ते फार प्रेमळ असतात.

भिंत काढून टाकली. भालेवाले काढून टाकले.

लिहिताना पुढचंही आठवत गेलं. बारावीनंतर चेन्नईच्या एका कॉलेजात मला गणिताला जागा मिळाली. अर्ज अप्पांनी स्वतः भरला होता. पत्र आलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही तुजला अडवीत नाही. दार उघडं आहे." नवी ट्रंक आली आणि खाटेखाली गेली. निघायच्या आधी आठवडाभर आई काही बोलली नाही. एका दुपारी मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. आतून तिचा आवाज आला. दमा लागला होता, पण तिने मला हाक मारली नाही. आत्या म्हणाली, "पोरीस बोलावते." आई धापा टाकत म्हणाली, "नको. सवय करून घेते. जायचं आहे ना तिला."

संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं की मी इथल्याच कॉलेजात जाईन. त्यांनी मला तीनदा विचारलं, नक्की ना? तिन्ही वेळा मी आधीपेक्षा मोठ्याने हो म्हटलं. पुढे कुणी विचारलं की मी सांगायची, निर्णय माझा होता. ते खोटंही नव्हतं.

एकदा मी गेले होते. सव्वीस वर्षांची होते, एका शाळेत तात्पुरती शिकवत होते. पट्टुकोट्टैच्या शाळेत कायमची जागा निघाली, राहायला खोलीसुद्धा देणार होते. मुलाखतीला मी सकाळच्या बसने निघाले. बाहेर नारळाच्या बागा, भातखाचरं, सायकलीवरून जाणाऱ्या शाळकरी मुली. माझ्या मांडीवर सर्टिफिकिटांची फाइल होती. ओरत्तनाडु आलं आणि मला आईचा श्वास ऐकू येऊ लागला. बसच्या इंजिनाचा असेल. मी उठले आणि उतरले. तिथे राणीच्या नावाचं जुनं छत्रम आहे, मराठी राजांच्या काळातली धर्मशाळा. तिच्या ओसरीवर दगडी खांबाला टेकून मी बसले. एक बाई शेजारी चिंच निवडत होती. तिने विचारलं, कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, परतीच्या बसची. मी तिथे येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

घरी पोचले तेव्हा आई पडवीत शेजारणीशी बोलत शेवग्याच्या शेंगा सोलत होती. श्वास अगदी नीट चालला होता. "एवढ्यात आलीस?" तिने विचारलं.

"मुलाखत रद्द झाली."

आत जाऊन मी तोंड धुतलं. मला तिचा राग आला होता, ती बरी असल्याचा राग. तो आल्याबरोबर मी घाबरले. मग मनाने एक युक्ती केली, तिचं मला अजून आश्चर्य वाटतं. मला वाटलं, मी वेळेवर परत आले म्हणूनच ती बरी आहे. तसं वाटताच मला शांत झोप लागली.

नंतर नवे डॉक्टर आले, त्यांनी तोंडाने ओढायचं औषध दिलं. दोन दमांत आईला आराम पडू लागला. तरी औषध ओढून झालं की ती मला हाक मारायची आणि मी जाऊन पाठीवर हात ठेवायची. दोघीही औषधाबद्दल बोलत नसू. शाळेतून यायला मला उशीर झाला तर ती ते छोटं निळं यंत्र हातात धरून बसलेली असायची. मी आत आल्यावर ओढायची.

ती गेली तेव्हा माझा हात तिच्या पाठीवरच होता. बराच वेळ होता. मी तो काढावा की नाही हे मला कळेना. शेवटी डॉक्टरांनी काढला. लोक येऊन गेले. ऐंशीच्या घरातली आत्या कोपऱ्यात बसून प्रत्येकाला सांगत होती, "हिचा हात होता म्हणून, नाहीतर वीस वर्षांमागेच गेली असती." सगळे मान हलवत होते. मीही हलवली. अप्पा आधीच गेले होते, पुढच्याच वर्षी आत्याही गेली. मग घरात मला बोलावणारं कुणी उरलं नाही. पहिले काही महिने मी शाळेतून धावतपळत घरी यायची आणि कुलूप हातात आलं की मग आठवायचं.

माहेराचं हे नवं प्रकरण मी मुलीला एका बैठकीत वाचून दाखवलं. ती मध्ये एकदाही अर्थ विचारायला थांबली नाही. संपल्यावर उठून ओट्यावर जाऊन बसली. मी कॉफी घेऊन गेले.

"अत्तै," ती म्हणाली, "आजी वाईट होती का?"

कादंबरीत आजी नव्हती. मी म्हटलं, "नाही."

"मग राज्यातले लोक?"

"तेही नाहीत. त्यांना पाणी हवं होतं."

तिने कपातला फेस बोटाने बाजूला केला. "मग मला राग कुणाचा यायला हवा ते तरी सांग."

आम्ही कॉफी प्यायलो. समोरच्या शिंपीणबाई आता नाहीत. त्यांच्या घरात मोबाइलचं दुकान आहे, तिथे दोन माणसं काहीतरी दुरुस्त करत होती, ते आम्ही बघत बसलो.

तिच्या जाण्याला तीन दिवस उरले असताना मला ताप भरला. साधाच असेल, पण डोकं फुटेल असं दुखत होतं. दुपारी ती उशाशी बसली. ओल्या फडक्याने कपाळ पुसलं आणि मग आपला हात तिथे ठेवून राहिली. फार दिवसांनी कुणी मला हात लावला होता. आठवू लागले तर दिवस नाही, वर्षं होती. दुखणं ओसरू लागलं. गोळीने असेल, ती तासापूर्वीच घेतली होती. मी डोळे मिटूनच बोलू लागले, "पोरी, तुझ्या हातास—"

"काय?"

मी डोळे उघडले. ती वाकून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा काळजीने भरलेला होता आणि त्या काळजीत आनंद होता, आपला उपयोग होतोय याचा. तो चेहरा मी ओळखला.

"काही नाही," मी म्हटलं. "हात गार आहे तुझा."

"अत्तै, मी आणखी आठ दिवस थांबते. तू बरी होईपर्यंत. कॉलेजला काय, कळवते."

"नको."

"एकटी कशी राहशील?"

"राहते तशी. तुझं तिकीट आहे, तू जा."

माझा स्वर तुटक झाला. तिला लागलं, ते दिसलं. मला समजावून सांगता आलं असतं, पण सांगितलं असतं तर मी रडले असते आणि मग ती थांबली असती. तिसऱ्या दिवशी मी तिला स्टेशनवर सोडलं. ताप पुरता उतरला नव्हता. गाडीच्या खिडकीतून तिने हात हलवला, थोडा रुसलेला.

घरी येऊन मी चटई गुंडाळून ठेवली. दुपारी दोन वाजले की काही दिवस माझा घसा आपोआप खाकरायचा, वाचायला बसायचं असल्यासारखा.

दसऱ्याच्या सुट्टीत मी बंगळुरला गेले. भावाचा फोन आला होता, "ये गं, तिने काय काय सांगितलंय." त्याच्या घरी मी याआधी एकदाच गेले होते, तेही एका दिवसासाठी. तो क्वचित तंजावरला यायचा. गल्लीत लोक म्हणत, मुलगा गेला आणि विसरला. मीही तसंच मानत आले होते. वहिनी सकाळी ऑफिसात जाई, मुलगी कॉलेजात. भाऊ घरूनच काम करायचा. दुपारी आम्ही दोघंच जेवायचो, लहानपणी जेवायचो तसे, न बोलता.

तिसऱ्या दिवशी ताक ओतता ओतता तो म्हणाला, "तुझी गोष्ट तिने मला सांगितली. मला एक विचारायचं होतं. मी तुला शाळेतून न्यायला आलो होतो, आठवतं?"

"उन्हात. अनवाणी आला होतास. किती रागात होतास."

"रागात नव्हतो." त्याने तांब्या खाली ठेवला. "त्या दिवशी घरात मी होतो. आत्या बाजारात गेली होती. आईला लागला दमा. मी हात ठेवला तिच्या पाठीवर. तू ठेवायचीस तसाच. ती म्हणाली, तू नको रे, तिला बोलाव."

मी माझं ताट बाजूला सारलं.

"मी दहा-अकरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "धावत आलो. वाटेत ठरवून टाकलं, या घरात मी कशाला राहू. तुला सगळे म्हणत, तुझ्या हातात आहे. मला कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणून मला जाता आलं. तू समजत असशील मी सुटलो."

"मी तसंच समजत होते, अण्णा."

"माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, एवढंच."

तो पन्नाशी ओलांडलेला माणूस, केस पांढरे झालेले, ताटातला भात बोटांनी गोळा करत बसला. त्याला कधी कुणी पायरीवर बसवलं नाही आणि मला कधी उठू दिलं नाही. एकाच घरात आम्ही दोघं असे वाढलो आणि एकमेकांचा हेवा करत राहिलो. हे कळायला आम्हांला उभा जन्म लागला, त्याला मी काय करू.

"आईला ठाऊक असेल का गं," त्याने विचारलं, "की कुणाचाही हात चालला असता?"

"माहीत नाही."

"गोष्टीत?"

"गोष्टीत अजून ठरवलेलं नाही."

मी तिथे नऊ दिवस राहिले. एवढे दिवस मी घराबाहेर कधीच राहिले नव्हते. कुणाला काही झालं नाही. सगळे निघून गेले की मी त्या उंच इमारतीतल्या खोल्यांतून फिरायची, खाली दिसणाऱ्या पोहण्याच्या हौदाकडे बघायची. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. आपण कुणालाच नको आहोत असं आधी वाटलं, आणि मग त्यात काही भयंकर नाही असंही वाटलं. दोन्ही एकाच सकाळी. भाऊ स्टेशनवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "पोंगलला मी येतो." तो आला. दोन दिवस राहिला, विहिरीवर नवी जाळी बसवून गेला.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण आता चाललं आहे. माहेरातली एक पाणहाकी, वय झालेली, एका सकाळी उघड्या दारातून चालत बाहेर पडते. दाराशी बसलेला म्हातारा जागा असतो, पण तोही काही म्हणत नाही. ती नदी ओलांडते. पहिल्या गावात पोचते, तर तिथे विहिरीला पाणी आहे आणि तिला ओळखणारं कुणी नाही. इथे मी कितीतरी आठवडे अडकले होते. तिला पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं, आणि ज्याला विचारावं असं माणूसही नव्हतं.

जे लिहून होतं ते मी दर रविवारी मोबाइलवर वाचून मुलीला पाठवते. ती कॉलेजच्या बसमध्ये ऐकते म्हणे. तिचा रुसवा गेला आहे. तुटकपणाचं कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही, कधीतरी सांगेन. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "त्या गावात तिला कुणी भेटलं का?"

मी म्हटलं, अजून नाही. पण एका घराबाहेर बाज टाकलेली आहे, आणि घरच्या बाईने तिला काही न विचारता तिथे बसू दिलं आहे.